डांबरात पॉलिमर: 'किती टक्के?' याच्या आधी विचारायचे प्रश्न

ट्रान्सपोर्टेशन किंवा मटेरिअल्समध्ये संशोधन करू पाहणाऱ्यांचे प्रस्ताव वाचले की एक साचा वारंवार दिसतो. एक डांबर घ्यायचं, एक पॉलिमर घ्यायचा, तो २, ४, ६ आणि ८ टक्के मिसळायचा. प्रत्येक नमुन्याचं पेनिट्रेशन आणि सॉफ्टनिंग पॉइंट मोजायचा, आलेख काढायचा आणि 'ऑप्टिमम डोस इतका' असं लिहून मोकळं व्हायचं. काम प्रामाणिक असतं, मेहनतही भरपूर असते. पण व्हायव्हाला कोणी विचारलं की "चार टक्क्यांना आत नेमकं काय झालं?", तर गाडी अडते. आलेख वर गेला, एवढंच माहीत असतं.

आज त्या 'आत काय झालं' बद्दल बोलू. मुद्दा आधीच सांगून टाकतो: पॉलिमरमुळे डांबराला मिळणारे गुण आत तयार होणाऱ्या रचनेतून येतात, आणि टक्केवारी ही त्या रचनेवर परिणाम करणाऱ्या चार-पाच गोष्टींपैकी फक्त एक आहे. बाकीच्या नोंदवल्याच नाहीत, तर तुमचा 'ऑप्टिमम डोस' तुमच्या डब्यातल्या डांबरापुरताच खरा राहतो.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपण बोलताना ज्याला डांबर म्हणतो ते आजच्या रस्त्यांवर बिटुमेन असतं, म्हणजे कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनात शेवटी खाली उरणारा जड भाग. कोळशापासून निघणारं कोलटार हा वेगळा पदार्थ, त्याचं रसायनशास्त्रही वेगळं. या लेखात डांबर म्हणजे बिटुमेन. आणखी एक सूचना: अमेरिकेतले पेपर वाचताना 'अस्फाल्ट' हा शब्द बऱ्याचदा बिटुमेनसाठी येतो, युरोपातल्या पेपरांत तोच शब्द खडी आणि बिटुमेन यांच्या मिश्रणासाठी येतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना 'अस्फाल्टमध्ये ५ टक्के पॉलिमर' हे वाक्य दिसलं की आधी बघा, कशाच्या ५ टक्के. डांबर हे मिश्रणाच्या वजनाच्या साधारण पाच टक्केच असतं, त्यामुळे इथे गफलत झाली तर उत्तर वीसपट चुकतं.

डांबराची अडचण काय?

डांबराचं वागणं दोन गोष्टींवर अवलंबून असतं: तापमान किती आणि भार किती वेळ पडतो. विदर्भात मे महिन्यात हवेचं तापमान ४५ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० या ग्रेडला आयएस ७३ या मानकात सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७ अंश चालतो. याचा अर्थ रस्ता वितळतो असा नाही. सॉफ्टनिंग पॉइंट म्हणजे कड्यात भरलेलं डांबर एका ठरलेल्या वेगाने तापवताना त्यावर ठेवलेली साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी २५ मिलिमीटर खाली जाते ते तापमान. पण एवढं नक्की की उन्हाळी दुपारी रस्त्यातलं डांबर बऱ्यापैकी मऊ असतं.

त्यात भार सावकाश पडला तर अडचण वाढते. महामार्गावर वेगाने जाणारं चाक एका जागी सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरतं असतं. घाटाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगणारा ट्रक किंवा सिग्नलला उभी असलेली बस तोच भार कितीतरी जास्त वेळ देते. डांबराला वाहायला वेळ मिळतो आणि चाकांच्या रेषेत रस्ता दबत जातो. यालाच चाकोरी पडणं म्हणतात. पावसाळ्यात त्या चाकोरीत पाणी साचतं आणि दुचाकीस्वाराला ती फार उशिरा दिसते. म्हणजे हा प्रश्न निव्वळ प्रयोगशाळेतला नाही.

मग सरळ कडक डांबर का वापरू नये? वापरतात, व्हीजी-४० त्यासाठीच आहे. पण नुसत्या कडक डांबराची ताण सोसून पुन्हा मूळ जागी येण्याची क्षमता वाढत नाही, आणि थंडीत किंवा वय झाल्यावर ते भेगाळण्याची शक्यता वाढते. आपल्याला हवं आहे असं काही जे उन्हात वाहणार नाही आणि थंडीत तडकणारही नाही. पॉलिमरची गरज इथे पडते.

पॉलिमर आत जाऊन काय करतो?

सगळ्यात जास्त अभ्यास झालेला पॉलिमर म्हणजे एसबीएस, स्टायरिन-ब्युटाडाईन-स्टायरिन. त्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांना पॉलिस्टायरिनचे कडक तुकडे आणि मध्ये पॉलिब्युटाडाईनचा लांब, रबरासारखा भाग. पॉलिस्टायरिन साधारण १०० अंशांपर्यंत काचेसारखं कडक राहतं. पॉलिब्युटाडाईन मात्र उणे ८० अंशांपर्यंतही लवचिक असतं. कडक टोकं एकमेकांना शोधून गाठी बांधतात आणि मधले लवचिक भाग त्या गाठींना जोडतात. तयार होतं ते जाळं. १८० अंशांना या गाठी सैल होतात, म्हणून डांबर मिसळता येतं, पसरता येतं. थंड झालं की गाठी पुन्हा बांधल्या जातात. रस्त्याच्या ६० अंशांना जाळं शाबूत, आणि थंडीतही मधला भाग लवचिक.

आता डांबराकडून बघू. डांबराचे ढोबळ चार गट करतात: सॅच्युरेट्स, अरोमॅटिक्स, रेझिन्स आणि अस्फाल्टीन्स. पहिले तीन मिळून जो तेलकट भाग होतो त्याला माल्टीन म्हणतात. अस्फाल्टीन हा सगळ्यात जड, ध्रुवीय भाग त्यात तरंगत राहतो. एसबीएस डांबरात साखरेसारखा विरघळत नाही. तो माल्टीनमधला हलका, अरोमॅटिक भाग शोषून फुगतो. खिचडीसाठी साबुदाणा भिजवताना काय होतं ते आठवा. दाणे थोडे, पाणी शोषलं की पातेलं भरतं. एसबीएस स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट फुगू शकतो, अनुकूल डांबरात नऊ पटींपर्यंत.

याचं साधं गणित करून बघा. समजा ४ टक्के एसबीएस घातला आणि तो सहापट फुगला. मग एकूण आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा आता पॉलिमरने समृद्ध असलेला आहे. वजनाने चार, जागेने चोवीस. 'चार टक्क्यांना काय झालं?' या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथून होते.

आलेख अचानक का उडी मारतो?

कमी डोसला फुगलेल्या पॉलिमरचे थेंब डांबरात विखुरलेले असतात. गुणधर्म थोडे बदलतात, पण सत्ता डांबराचीच. डोस वाढवत गेलं की थेंब एकमेकांना भिडतात, दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले दिसतात. आणखी वाढवलं की चित्र उलटतं: पॉलिमरचा भाग सलग होतो आणि डांबराचे थेंब त्यात अडकतात. या बदलाला फेज इन्व्हर्जन म्हणतात. एसबीएससाठी तो साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या पट्ट्यात होतो, पण नेमकी जागा डांबरानुसार सरकते.

त्या पट्ट्यात सॉफ्टनिंग पॉइंट एकदम वर जातो, कारण आता गोळीला सलग जाळ्याने धरलेलं असतं. तुमच्या आलेखातली उडी म्हणजे हे रचनेतलं स्थित्यंतर. ते डोळ्यांनी बघायचं तर फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप लागतो. निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की पॉलिमरने समृद्ध भाग पिवळसर-हिरवा चमकतो आणि उरलेलं डांबर काळं दिसतं. आपल्या विभागात नसला तर बायोटेक्नॉलॉजी किंवा मेडिकल कॉलेजच्या विभागात विचारा, त्यांच्याकडे तो बहुधा असतो. एका दुपारच्या फोटोंनी तुमच्या दहा आलेखांना अर्थ येतो.

तेच पाच टक्के, दोन वेगळे निकाल

आता मुख्य गोष्ट. पॉलिमर किती फुगेल हे डांबरात अरोमॅटिक भाग किती आहे यावर ठरतं. तो फार कमी असेल तर एसबीएस नीट फुगतच नाही. शिवाय जे काही हलकं तेल होतं ते पॉलिमरने घेतलं की अस्फाल्टीन उघडे पडून गोळा होऊ लागतात. उलट अरोमॅटिक भाग फार जास्त असेल तर तो पॉलिस्टायरिनच्या गाठींतही शिरतो, गाठी सैल पडतात आणि जाळं कमजोर होतं. साबुदाण्याचंच बघा: पाणी कमी पडलं तर टचटचीत, जास्त झालं तर चिकट गोळा.

म्हणून एका रिफायनरीच्या व्हीजी-३० मध्ये ५ टक्क्यांना सुंदर जाळं मिळेल आणि दुसऱ्या रिफायनरीच्या व्हीजी-३० मध्ये त्याच ५ टक्क्यांना निराशा होईल. दोन्ही डबे मानकात पास आहेत. व्हीजी-३० हे नाव ६० अंशांना मोजलेल्या व्हिस्कोसिटीवरून पडलेलं आहे. आत कोणता घटक किती, हे ते नाव सांगत नाही. कच्चं तेल कुठलं आणि प्रक्रिया कोणती, यावर ते ठरतं.

पॉलिमरच्या बाजूनेही असंच. सरळ साखळीचा एसबीएस आणि ताऱ्यासारख्या फांद्या असलेला एसबीएस हे दोन वेगळे ग्रेड आहेत. फांद्यांचा जास्त मजबूत जाळं देतो, पण मिसळायला जास्त हट्टी. मिक्सरचा वेग, तापमान, वेळ यांनीही फरक पडतो. साधारण १७० ते १८५ अंशांच्या पट्ट्यात हाय-शिअर मिक्सरने मिसळतात. तापमान आणखी चढवून वेळ वाचवायला गेलं की पॉलिमरच्या साखळ्याच तुटायला लागतात.

साय वर येते, तसंच

मिक्सर बंद केला की खरी परीक्षा सुरू होते. फुगलेला पॉलिमर उरलेल्या डांबरापेक्षा हलका असतो. गरम टाकीत स्थिर ठेवलं की दुधावर साय यावी तसा तो वर येतो. प्रत्यक्षात मिश्रण प्लांटपासून साईटपर्यंत टँकरने जातं, टाकीत थांबतं. तिथे ते वेगळं झालं तर रस्त्याच्या काही भागाला पॉलिमरच पॉलिमर आणि काही भागाला नुसतं साधं डांबर मिळतं. कागदावर सगळीकडे पाच टक्केच!

यासाठी सेपरेशन टेस्ट आहे. पातळ ॲल्युमिनियमच्या उभ्या नळीत नमुना भरून १६३ अंशांना ४८ तास ठेवायचा, मग फ्रीजरमध्ये घट्ट करून नळीचे तीन तुकडे करायचे. मधला टाकून द्यायचा, वरच्या आणि खालच्या तुकड्याचा सॉफ्टनिंग पॉइंट मोजायचा. आयएस १५४६२ नुसार फरक ३ अंशांपेक्षा जास्त चालत नाही. उपाय म्हणून थोडंसं गंधक घालतात. ते पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना आणि डांबराला रासायनिक बंधांनी बांधतं. मात्र गरम डांबरात गंधक घातलं की हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू निघू शकतो. हे काम फ्युम हूडशिवाय करायचं नाही म्हणजे नाही.

तुमच्या प्रस्तावात ही चाचणी नसेल तर ती आधी घाला. साठवणुकीत न टिकणाऱ्या मिश्रणाचे बाकीचे सगळे आकडे मिक्सर बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासापुरते खरे असतात.

जे मोजाल तेच दिसेल

पेनिट्रेशन आणि सॉफ्टनिंग पॉइंट या चाचण्या साध्या डांबरासाठी जन्मल्या. अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात एसएचआरपी नावाचा मोठा संशोधन कार्यक्रम झाला आणि डायनॅमिक शिअर रिओमीटर रस्त्याच्या जगात रुळला. त्यात चाकोरीसाठी एक निकष ठरला: कॉम्प्लेक्स मॉड्युलस भागिले साइन डेल्टा. ताज्या डांबरासाठी तो किमान १ किलोपास्कल हवा. पण हे मोजमाप छोट्या विकृतीत, डांबर मागे-पुढे हलवत होतं. तिथे जाळ्याची खरी ताकद, म्हणजे मोठ्या ताणानंतर परत येणं, दिसतच नाही. सुधारित डांबरांच्या बाबतीत हा निकष आणि रस्त्यावरची चाकोरी यांचं नीट जुळेना.

म्हणून नंतर एमएससीआर चाचणी आली. नमुन्याला १ सेकंद ताण द्यायचा, ९ सेकंद विश्रांती, असं पुन्हा पुन्हा, आधी ०.१ किलोपास्कलला आणि मग ३.२ किलोपास्कलला. दोन आकडे मिळतात: किती टक्के विकृती परत आली आणि किती कायमची राहिली. कायम राहिलेल्या विकृतीला ताणाने भागलं की जेएनआर मिळतो. तो जितका लहान तितकी चाकोरी कमी. आयएस १५४६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत पीएमबी ७६-१० सारखे तापमानावर आधारित ग्रेड आले आणि ही चाचणीही आली. ७६ म्हणजे वरचं तापमान, १० म्हणजे उणे १०.

यातून संशोधकाने घ्यायचा धडा असा: 'पॉलिमरमुळे सुधारणा झाली' या वाक्याला एकट्याने अर्थ नसतो. कोणत्या चाचणीत, कोणत्या ताणाला, कोणत्या तापमानाला, हे सांगितलं की अर्थ येतो.

प्लास्टिकच्या पिशव्यांचं काय?

हा विषय आपल्याकडे सगळ्यात लोकप्रिय. मदुराईच्या त्यागराजर कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधले प्रा. आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचे बारीक तुकडे गरम खडीवर टाकून खडीला त्याचा लेप देण्याची पद्धत रुजवली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये एसपी ९८ ही मार्गदर्शिका काढली, तीही याच कोरड्या पद्धतीवर.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पिशवीतलं पॉलिएथिलीन डांबराला कडक करतं, त्यामुळे सॉफ्टनिंग पॉइंट वाढलेला दिसेल. पण त्यात एसबीएससारख्या गाठी आणि लवचिक जाळं नसतं, म्हणून इलास्टिक रिकव्हरी त्या मानाने वाढत नाही. आणि ते थेट डांबरात मिसळलं तर झपाट्याने वर तरंगतं. कोरड्या पद्धतीत साठवणुकीचा हा प्रश्न टळतो, कारण प्लास्टिक टाकीत जातच नाही, खडीवर बसतं. पण मग डांबराचे गुण सुधारले असा दावा करता येत नाही. तिथे तपासायचं असतं ते मिश्रण: पाण्यात भिजवल्यावर ताकद किती उरते, चाकाखाली किती दबतं, थकवा किती सोसतं. अनेक प्रबंधांत पद्धत कोरडी असते आणि चाचण्या ओल्या पद्धतीच्या. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. पीव्हीसी मात्र कोणत्याच पद्धतीत नको, तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराईड निघतो.

वय लपवणारा पदार्थ

एक शेवटचा सापळा. डांबराचं वय होतं म्हणजे ऑक्सिडेशन होतं आणि ते कडक होतं. त्याच वेळी एसबीएसच्या मधल्या भागातले दुहेरी बंध तुटतात, साखळ्या लहान होतात, म्हणजे मिश्रण मऊ होण्याकडे झुकतं. एक कडक करतंय, एक मऊ करतंय. दोन्हींची बेरीज मोजली तर बदल थोडा दिसतो आणि आपण लिहून टाकतो, 'पॉलिमरमुळे वय होण्याचा वेग घटला.' प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी झीज झालेली असू शकते. म्हणून वय झालेल्या नमुन्याचं नुसतं मॉड्युलस बघू नका. इलास्टिक रिकव्हरी टिकली का, फेज अँगल कसा बदलला, मायक्रोस्कोपखाली जाळं शिल्लक आहे का, हेही बघा.

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा

पहिला नमुना मिसळण्याआधी वहीत एवढं लिहिलेलं असू द्या:

१. डांबर कोणत्या रिफायनरीचं, कोणत्या बॅचचं. शक्य असेल तर त्याच्या चार घटकांचं प्रमाण. एकाऐवजी दोन वेगळ्या स्रोतांचं डांबर घेता आलं तर फारच चांगलं. चार डोसपेक्षा दोन डांबरं आणि दोन डोस जास्त शिकवतात.

२. पॉलिमरचा नेमका ग्रेड: रचना, स्टायरिनचं प्रमाण. टाकाऊ प्लास्टिक असेल तर वर्गवारी कशी केली.

३. मिसळण्याचं तापमान, वेळ, मिक्सरचा वेग. आणि साधं डांबरही पॉलिमर न घालता तितकाच वेळ तितक्याच तापमानाला ढवळलेलं. हा नमुना नसेल तर कडकपणा पॉलिमरने आला की नुसत्या तापवण्याने, ते वेगळं करता येणार नाही.

४. सेपरेशन टेस्ट आधी, बाकी सगळं नंतर.

५. तुमचा दावा कशाबद्दल आहे: चाकोरी, थकवा, थंडीतल्या भेगा की पाण्याचा परिणाम? दाव्याला जुळणारी चाचणी.

आणि प्रश्नच बदलून बघा. 'एसबीएसचा ऑप्टिमम डोस किती?' याऐवजी 'अरोमॅटिक भाग कमी असलेल्या डांबरात सलग जाळं तयार होण्यासाठी काय लागतं?' असा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक आकडा आहे आणि तो डबा संपला की संपतो. दुसऱ्याचं उत्तर पुढच्या डब्यालाही लागू पडतं, आणि पुढच्या विद्यार्थ्यालाही तिथून पुढे जाता येतं.